लिलीसाठी घातलेलं गाऱ्हाणं

मावशीच्या फोनवर गौरेशचं जहाज विमानतळाच्या धावपट्टीवर उभं होतं.

निळ्या पाण्यात दिसायला हवा होता तो हिरवा बाण वाळवंटाच्या पिवळ्या रंगात रुतला होता, दोन समांतर रेघांच्या मधोमध. आजूबाजूला तसेच आणखी बरेच बाण होते, ढाब्यासमोर रात्रीचे ट्रक लावावेत तसे. बाणावर बोट ठेवलं की नाव उमटायचं: नॉर्दर्न लिली, तेलवाहू. वेग शून्य.

"बघ," शालूमावशी मला म्हणाली, "विमानतळार आसा. विमानतळार जहाज बुडूचा नाय."

कित्येक दिवसांनी ती हसली होती. गौरेश तिचा एकुलता एक मुलगा, लिलीवर थर्ड इंजिनिअर. आखातात युद्ध पेटलं तेव्हा लिली तेल भरून आतच अडकली. बाहेर पडायची वाट एकच, ती अरुंद सामुद्रधुनी, आणि तिच्या दोन्ही काठांवरून जहाजांवर मारा चालू होता. मी मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. कुडाळात एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीत काम करायचे आणि रविवारी सुट्टी मिळाली की मुणगवलीला मावशीकडे जायचे. त्या रविवारीही गेले होते.

जहाज जमिनीवर कसं चढलं ते उमेशने समजावून सांगितलं. आखातात कुणीतरी खोटे सिग्नल सोडत होतं, त्यामुळे जहाजांची यंत्रं चकत होती आणि जगभरच्या फोनवर ती भलतीकडेच दिसत होती. उमेश गवंडे हा मावशीच्या शेजारचा. बाजारात त्याचं मोबाइलचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान होतं. गौरेशचा वर्गमित्र. मावशीच्या फोनवर जहाजं दाखवणारं ॲप त्यानेच घातलं होतं. युद्ध सुरू झाल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ येऊन काही कळलं का म्हणून विचारायचा. मावशीला त्याचा मोठा आधार वाटे. ती घावणे काढत होती आणि तो एकेक तव्यावरून उतरेल तसा खात होता.

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. तिला कानाला लावून ऐकू येत नसे, फोन ती नेहमी स्पीकरवर टाकायची आणि तळहातावर आरशासारखा धरून बोलायची. या वेळी मात्र तिने तो पदराखाली घेतला आणि मागीलदारी माडांत निघून गेली. परत आली तेव्हा तव्यावरचा घावणा करपला होता. मी विचारलं तर म्हणाली, बँकेतून होता. मावशीला खोटं बोलता येत नसे, चेहरा लगेच सांगायचा. पण एरवी शेजाऱ्यांचं पत्रदेखील मागून वाचणाऱ्या उमेशने तिला काहीच विचारलं नाही. त्याने करपलेला घावणाही मागून घेतला.

संध्याकाळी मी निघताना मावशीने विचारलं, बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, पहाटे भरती किती वाजता. मला वाटलं, कुणाला तरी मासळी सांगितली असेल.

सोमवारी दुपारी आमच्या कचेरीत वालावलकरांनी मला त्यांच्या टेबलाशी बोलावलं. वालावलकर जिल्हा आवृत्तीचे प्रमुख. दुपारचे तीन म्हणजे त्यांच्या हातातली पानं अजून रिकामी असण्याची वेळ, अशा वेळी त्यांना सगळ्यात बातमी दिसते. त्यांच्या भाच्याने त्यांना एक क्लिप पाठवली होती. तुझ्या बाजूची बोली आहे, म्हणाले, दोनशे शब्द लिही, चौकटीत टाकू, आईची माया वगैरे.

क्लिपमध्ये रवळनाथाचं देऊळ होतं. मुणगवलीचं.

आमच्याकडे ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालतात. ज्याला मागायचं असतं तो स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने गावकर देवाला मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक वाक्यावाक्याला होकार भरतात. मुणगवलीचे गावकर म्हणजे बाबी गावकर. सत्तरी उलटलेला, काटक, देवाच्या कामात शब्दाला शब्द लावून पाहणारा माणूस. क्लिपमध्ये त्याची पाठ दिसत होती आणि त्याच्या पलीकडे हात जोडून उभी असलेली शालूमावशी.

"बा देवा म्हाराजा, रवळनाथा," बाबी सांगत होता, "ही तुझी लेक शालिनी कुबल आज तुझ्या पायाकडे इली हा. तिचो झील गौरेश, नॉर्दर्न लिली नावाच्या तेलाच्या जहाजार आसा. ता जहाज आखातात अडाकला हा."

"व्हय म्हाराजा."

"बेस्तरवारी फाटफटी, दिवे बंद करून, ठिकाण दाखवणारा यंत्र बंद करून, ता जहाज कोणाक न सांगता सामुद्रधुनीतसून भायर पडतला. त्या टायमाक कोणाची नजर तेच्यार पडान नको. काय आडवा येवान नको. तिच्या झीलाक सुखरूप भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

शेवटच्या होकाराला मावशीचा आवाज फुटला. तिने तोंडात पदर कोंबला. क्लिप तिथे संपत होती.

वालावलकर म्हणाले, काळजाला हात घालते ना. मी क्लिप पुन्हा लावली. पहिल्या वेळी मी फक्त मावशीकडे पाहिलं होतं. आता खाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी वाचल्या. गाऱ्हाण्याचं भाषांतर होतं आणि ते अचूक होतं. 'फाटफटी' या शब्दासाठी नेमकी सूर्योदयाआधीची घटका दिली होती. वरच्या कोपऱ्यात दोन आकडे होते, एक हिरवा, एक लाल.

हे आकडे कसले म्हणून विचारल्यावर वालावलकरांनी भाच्याला फोन लावला. भाचा आधी आढेवेढे घेत होता. मग त्याने मेसेजिंग ॲपवरच्या ज्या चॅनेलवर तो असतो त्याची लिंक आम्हाला पाठवली. क्रिकेटच्या सट्ट्याच्या बातम्या मी लिहिल्या होत्या, धाडी पाहिल्या होत्या. भाषा तीच होती. लावणं, खाणं, भाव. फक्त इथे सामन्यांच्या जागी युद्ध होतं. कोणतं शहर कधी पडेल, कोणता पूल उरेल, आणि त्याखाली आखातात अडकलेली जहाजं, एकेक करून नावानिशी. लिलीसमोर दोन प्रश्न होते. शुक्रवारपर्यंत लिली आखाताबाहेर पडेल का? आणि पडायला निघाली तर वाटेत तिला क्षेपणास्त्र लागेल का?

सकाळपर्यंत लिलीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं. ती निघणार नाही असंच सगळे धरून चालले होते. क्लिप आली आणि भाव उलटा झाला. आता सगळ्यांना ती निघणार याची खात्री होती. आई रडते आहे म्हणजे खबर पक्की, असं एकाने लिहिलं होतं. देवासमोर कोण खोटं बोलेल, असं दुसऱ्याने. तिसऱ्याला ही खरोखर त्या मुलाची आई आहे याचा पुरावा हवा होता, आणि त्याला तो मिळालाही होता: मावशीच्या घराचा फोटो, अंगणातली तुळस, दांडीवर वाळत घातलेली तिची लुगडी. त्याखाली लोकांनी आभार मानले होते. 'लागेल' वर लावलेल्या एकाने लिहिलं होतं: चल लिली, निराश करू नकोस.

मी वालावलकरांना सांगितलं, ही माझी मावशी आहे. त्यांनी चौकट रद्द केली आणि म्हणाले, आत्ता जा. मी दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, उद्या दुपारपर्यंत छापण्यासारखं काही निघालं तर कळव. वाईट माणूस नव्हता. पानं रोज भरावी लागतात.

मी मुणगवलीला पोचले तेव्हा मावशी सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. समोर बाबी गावकर चहा पीत होता. मी फोन पुढे केला आणि हे काय केलंस म्हणून विचारलं. मावशीने सगळं सांगितलं. रविवारचा फोन गौरेशचा होता. कंपनी गुरुवारी पहाटे गुपचूप जहाज काढणार आहे, हे कुणालाही सांगायचं नाही, उमेशलासुद्धा नाही, असं त्याने बजावलं होतं. त्यानंतर त्याचा फोन बंद होता.

"आणि तू सगळ्या गावाला सांगितलंस."

"माणसांक खय सांगलंय?" मावशी म्हणाली. "देवाक सांगलंय."

तिच्या लेखी हे उत्तर पुरेसं होतं. बाबीच्याही. मी त्याला म्हटलं, पोराला सांभाळ एवढंच सांगून चाललं नसतं का? वेळ कशाला सांगायची? बाबीला माझ्या अडाणीपणाचं वाईट वाटलं. गाऱ्हाण्यात कोण, कुठे, कधी हे स्पष्ट नसेल तर देवाने राखायचं कुणाला, असं त्याने मला विचारलं. चाळीस वर्षांत त्याने एकही गाऱ्हाणं मोघम घातलं नव्हतं. मावशी आधी वेळ सांगायला तयार नव्हती, त्यानेच तिच्याकडून खोदून काढून घेतली होती.

आणि देवळात फोन कुणी लावला? तो तर नेहमीचाच, बाबी म्हणाला. मुंबईच्या चाकरमान्यांना गावचं गाऱ्हाणं घरबसल्या ऐकता यावं म्हणून उमेशने खांबाला स्टँड बसवून दिला होता. दर सोमवारी तो लाइव्ह लावायचा.

एवढ्यात उमेश आलाच. मी त्याला चॅनेल दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला. आपण तर फक्त गावाच्या ग्रुपवर टाकलं होतं, तिथून कुणी उचललं देव जाणे, म्हणाला, आणि आमच्यासमोर ती क्लिप काढून टाकली. आता तिच्या किती प्रती फिरत असतील कुणाला ठाऊक, मी म्हटलं. त्याने मान हलवली. खरं आहे, म्हणाला, लोक नीच झालेत.

मावशीला तो हिरवा-लाल भाव समजावून सांगायला वेळ लागला. क्रिकेटवर लावतात तसं, मी म्हटलं. तिने सूप खाली ठेवलं.

"म्हंजे लिली बुडाक व्हयी म्हणान लोकांनी पैशे लावल्यानी?"

मी हो म्हटलं.

"कोणी?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुठलेही, कुठेही बसलेले. मावशीने थुंकायला तोंड वळवलं, मग गिळलं. घरात थुंकायची तिला सवय नव्हती. तिने घराचा फोटो पुन्हा पाहायला मागितला, नीट पाहिला आणि उठून दांडीवरची लुगडी आत घेऊन आली. ओली होती तरी.

आता काय करायचं ते उघड होतं, आणि कठीणही. गौरेशचा फोन लागत नव्हता. कंपनीला कळवलं तरच जहाज थांबलं असतं. पण कळवायचं म्हणजे बेत फुटला कुठून तेही सांगावं लागणार, आणि युद्धात जहाजाची वेळ घरी सांगणाऱ्या माणसाला पुन्हा कोण जहाजावर घेईल? हे उमेशनेच मांडलं, फार समजुतीने. घाई करू नये, म्हणाला. चॅनेलवरची पोरं हवेत बोलतात, तिकडच्या क्षेपणास्त्रवाल्यांना मालवणी थोडीच कळते. भाषांतर आहे खाली, मी म्हटलं. तो म्हणाला, तरी पण. गौरेशने किती खस्ता खाऊन परीक्षा दिल्या ते मावशीला ठाऊक आहे. एका फोनने सगळं मातीत जाईल. गुरुवारपर्यंत थांबूया.

मावशी त्याचं पूर्ण ऐकून घेत होती. ती त्याचं नेहमीच ऐकायची.

"नोकरी गेली तर जावंदे," ती म्हणाली. "माका झील जितो व्हयो."

कंपनीच्या मुंबईतल्या एजंटचा नंबर गौरेशच्या कागदांवर होता. फोनवर एक बाई आल्या, शांत, व्यवहारी. मी जे झालं ते क्रमाने सांगितलं. क्लिप, भाषांतर, वेळ. त्यांनी मुलाचं नाव विचारलं. मी मावशीकडे पाहिलं. मावशीने फोन माझ्या हातून घेतला आणि स्वतःच सांगितलं, गौरेश दत्ताराम कुबल, माझो झील. बाई म्हणाल्या, चौकशी करून कळवते.

त्या तासाभरात मावशीने तांदूळ निवडले, चूल पुसली, पुन्हा तांदूळ निवडले. उमेश पायरीवर बसून राहिला. दुकानात जायचं नाही का म्हणून मी विचारलं. अशा वेळी कसं जायचं, म्हणाला.

बाईंचा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता, सगळ्यांनीच ऐकला.

"तुमच्या क्लिपची आम्हाला सकाळपासून माहिती आहे," त्या म्हणाल्या. "पण ती चुकीची आहे. लिली गुरुवारी निघत नाहीये. या महिन्यात ती कुठेच जाऊ शकत नाही. तिचं मुख्य इंजिन उघडलेलं आहे, भाग यायचे आहेत. बंदरात बांधून ठेवली आहे."

मावशीने विचारलं, मग तो असं का म्हणाला? कुणी खोटं सांगितलं त्याला?

"ते इंजिन ज्यांनी उघडलं त्यांत तुमचा मुलगा आहे," बाई म्हणाल्या. "त्याला कुणी काही सांगायची गरज नाही. कशासाठी बोलला ते त्यालाच विचारा. आम्हीही विचारणार आहोत."

फोन बंद झाला. मावशीच्या कानात त्यातलं एकच वाक्य शिरलं होतं. बंदरात बांधून ठेवली आहे. ती भिंतीला टेकली आणि मोठ्याने रडली, मग हसली, मग देवाकडे तोंड करून पाया पडली. पोराचा काहीतरी घोटाळा झाला असेल, म्हणाली, आधीच भ्यालेला, कुणी काही बोललं असेल, त्याने खरं धरलं. बाबी, आपल्या देवाने ऐकलं. बाबी मान हलवत होता, पण त्याच्या कपाळावर आठी होती. आपण देवाला चुकीची वेळ सांगितली, हे त्याला डाचत होतं. लगेच दुसरं गाऱ्हाणं घालून हे सुधारायला हवं, म्हणाला. मावशीने उमेशला पाच चांगले नारळ काढायला सांगितलं, देवळात न्यायला.

उमेश माडावर चढायला गेला. खिशातला फोन पडू नये म्हणून त्याने तो खिडकीत चार्जिंगला लावून ठेवला.

मी चॅनेल पुन्हा उघडलं. 'हो' वर पैसा अजून येतच होता. 'नाही' वर कुणीच नव्हतं, म्हणून 'नाही' खरं ठरलं तर मिळणारा भाव मला कधी दिसला नव्हता इतका वर चढला होता. लिली निघणार नाही हे नक्की ठाऊक असलेल्या माणसाला, मी मनात म्हटलं, आज लॉटरीच. आणि तिथेच थांबले, कारण असं ठाऊक असलेली माणसं जगात फार नव्हती.

तेवढ्यात खिडकीतला फोन वाजला.

मावशी जवळ होती. पडद्यावर नारिंगी बॉयलर सूट घातलेला, अंगठा वर केलेला गौरेश होता. तिने फोन उचलला आणि सवयीने स्पीकरवर टाकला. बोलायला तिने तोंड उघडलं होतं, पण तो आधी बोलला.

"उमेशा, आये परत देवळात जातली काय? भाव हलाक लागलो हा. आणखी एकदा रडली तर बेस्तरवारपर्यंत टिकात. आणि ह्या टायमाक फोन वायच जवळ लाव. मागच्या टायमाक तिचा तोंडच धड दिसाक नाय, बाबीची पाठच दिसता."

आवाज स्वच्छ होता. मागे कुठेतरी पंखा फिरत असावा.

"उमेशा? आयकतंस मां?"

मावशीने फोन तोंडापासून थोडा लांब धरला, आरशात पाहावं तसा.

"जेवलंस?" तिने विचारलं.

पलीकडून एकदा 'आये' असं आलं. मावशीने फोन माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेली. बाबी उठून उभा राहिला होता. त्याला सगळं समजलं होतं की नाही ठाऊक नाही. तो चप्पल शोधत होता आणि ती त्याच्या पायातच होती.

गौरेशने फोन ठेवला नाही. मी आहे म्हटल्यावर त्याला थोडं बरं वाटलं असावं. तो बोलत राहिला. पंधरा दिवस डोक्यावरून काय काय जातं ते तुला कळणार नाही, म्हणाला. रात्री जहाज हादरतं. आणि फोन उघडला की आमच्याच नावावर सगळं जग पैसे लावून बसलेलं. जहाजावरचे सगळेच ते बघतात. आम्ही मरणार की नाही यावर सगळ्यांनी कमवायचं आणि आम्हीच तेवढे नाही? मी म्हटलं, तू लाव की, तुझ्या आईला का लावलंस?

"मी लिहिलं असतं तर कोणी मानलं नसतं, ताई. असले मेसेज रोज शंभर येतात. आणि तिला सांगून केलं असतं तर तिला जमलं नसतं."

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. इंजिनाचा एखादा भाग का निवडला ते सांगावं तसं.

उमेश नारळ घेऊन अंगणात आला. माझ्या हातातला त्याचा फोन पाहिला, आतून येणारा आवाज ऐकला आणि नारळ हळूच खाली ठेवले. मला वाटलं होतं तो सारवासारव करेल. तसं काही झालं नाही. पायरीवर बसून त्याने तंगडीला लागलेली माडाची साल झाडली.

"ताई, कोणाचा काय गेला?" तो म्हणाला. "झील सुखरूप. जहाज बांधलेला. भायरच्या लोकांचे पैशे, तेय हरामाचे. गावातल्या कोणाचो रुपयो नाय."

तुझ्या फोनवर गौरेश लागत होता आणि त्याच्या आईच्या फोनवर नाही, मी म्हटलं. त्याने सांगितलं की तो दुसरा नंबर आहे. मी भाषांतराचं विचारलं. ते त्यानेच केलं होतं आणि त्याला त्याबद्दल संकोच नव्हता. उलट, जमलं होतं का ते त्याला जाणून घ्यायचं होतं. घराचा फोटो? तोही. लोक पुरावा मागत होते.

मग त्याने हात पुढे करून फोन मागितला. मी दिला. त्याने तो शर्टाला पुसला, मावशीच्या हाताला तांदळाची भुकटी होती ती लागली होती. आतून मावशीने हाक मारली. मला वाटलं त्याला हाकलून देणार. ती म्हणाली, उमेश, चहा घेऊन जा. तो आत गेला आणि चहा पिऊन आला.

मंगळवारी किंवा बुधवारी देवळात कुणी गेलं नाही. नारळ पायरीवर तसेच होते.

गुरुवारी दुपारी कचेरीत वृत्तसंस्थेची बातमी आली. एक तेलवाहू जहाज, लिली नव्हे, दुसरंच, पहाटे सामुद्रधुनीतून बाहेर पडायच्या प्रयत्नात असताना त्याला लागलं. इंजिनरूममधले चौघे सापडले नव्हते. बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं: गुरुवारी पहाटे वाट मोकळी असेल, एक मोठी कंपनी आपलं जहाज काढते आहे, अशी चर्चा सोमवारपासून आखातातल्या जहाजांवर होती. चर्चा कुठून उठली ते दिलं नव्हतं. त्या कप्तानाने क्लिप पाहिली होती का? हे मला तेव्हाही कळलं नाही, नंतरही नाही, आणि पाहिली असती तरी ते सिद्ध करता आलं नसतं. वालावलकरांनी माझ्याकडे शीर्षक मागितलं. मी दिलं. बातमी पहिल्या पानावर तळाला, ते वाक्यही ठेवून, गेली.

शुक्रवारी चॅनेलवर लिलीसमोर 'नाही' लागलं आणि ती ओळ बंद झाली. तिच्या जागी दुसऱ्या जहाजाचं नाव आलं.

लिलीच्या कंपनीने गौरेशला जहाजावरून उतरवलं. गणपतीला तो घरी आला, सगळ्यांसाठी काहीबाही घेऊन. मावशीने त्याच्या आवडीचं सगळं केलं आणि वाढलं. त्या फोनबद्दल ती बोलली नाही, तोही बोलला नाही. मी त्याला त्या चौघांबद्दल विचारलं. ते त्याने वाचलं होतं. वाईट झालं, म्हणाला, पण तो कप्तान मूर्खच होता. दोन महिन्यांत दुसऱ्या एजंटकडून त्याला दुसरं जहाज मिळालं. अनुभवी इंजिनिअरला मागणी असते, आणि युद्धात जास्तच.

निघायच्या दिवशी मी तिथे होते. गाडी गेली आणि थोड्या वेळाने बाबी गावकर आला. आता बराच वाकला होता. मुलगा समुद्रावर गेला की पहिल्या सोमवारी गाऱ्हाणं घालायचं हे ठरलेलं, आणि मावशी काही बोलावणं करत नाही म्हणून तो स्वतःच आला होता. नारळही त्यानेच आणला होता. फोन खांबावरून काढून टाकला आहे, म्हणाला, आता कुणी ऐकत नाही, फक्त देव. ओसरीवर बसून त्याने नेहमीप्रमाणे विचारायला सुरुवात केली. जहाजाचं नाव काय, कुठून कुठे जाणार, कधी निघणार.

मावशी भांडी घासत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तो सांगता ता सांगू काय, बाबी?"

बाबीने नारळ उचलला आणि तो घरी घेऊन गेला.